दोन मांडव, दोन शताब्द्या



माणसाच्या जन्माची तिथी सांगता येते, गावाची येत नाही. बेळगावचा वाढदिवस कोणता, असा प्रश्न उद्या एखाद्या विद्यार्थ्याने या वाचनालयाच्या टेबलापाशी येऊन विचारला, तर ग्रंथपालांची मोठीच पंचाईत होईल. रट्टांच्या राजवटीतील वेणुग्राम धरावे, तर किल्ल्याचे आणि कमलबस्तीचे १२०४ हे साल हाताशी आहे. इंग्रजी अमलापासून मोजावे, तर किल्ला पडला ते १८१८. नागरिकांच्या संस्थात्मक जीवनापासून मोजावे, तर सार्वजनिक वाचनालयाचे १८४८ आणि नगरपालिकेचे १८५१. यांपैकी एकाही सालाचा उत्सव नगराने मोठ्या थाटाने केल्याचे उदाहरण नाही. बेळगावने जी शताब्दी साजरी केली, म्हणजे रस्तोरस्ती दिवे लावून, कमानी उभारून, देशभरातील पुढाऱ्यांना बोलावून साजरी केली, ती नगराच्या जन्माची नव्हे. ती या नगरात झालेल्या दोन दिवसांच्या एका सभेची होती. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीच्या मोकळ्या माळावर राष्ट्रीय सभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधी आयुष्यात एकदाच, याच ठिकाणी, त्या सभेचे अध्यक्ष झाले. नगराच्या स्मरणात आजवरचा सर्वांत ठळक दिवस तो हाच, हे डिसेंबर २०२४ मधील सोहळ्याने एका परीने मान्य केले.

मात्र शंभर वर्षांपूर्वी या जिल्ह्यात उभारलेला तो एकच मांडव नव्हता. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ११ एप्रिल १९२५ रोजी, तेव्हा चिकोडी तालुक्यात असलेल्या निपाणीत दुसरी एक परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विलायतेहून शिक्षण संपवून परतलेले, नुकतीच वकिली सुरू केलेले, वयाची पस्तिशीही न गाठलेले. त्या परिषदेसाठी विहीर खोदली गेली नाही, तिच्यासाठी नवे नगर वसविले गेले नाही. या दोन मांडवांत जे बोलले गेले, ते एकमेकांना उद्देशून होते, ही गोष्ट मात्र दोन्ही शताब्द्यांच्या गर्दीत सांगावयाची राहून गेली. आजच्या व्याख्यानाचा विषय तीच राहून गेलेली गोष्ट होय.

प्रथम बेळगावचा मांडव. अधिवेशनाचा मान बेळगावला मिळाला तो आकस्मिक नव्हता. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना याच गावी केली. त्याच वेळी भरलेल्या मुंबई प्रांतिक परिषदेला दक्षिण आफ्रिकेहून परतून फार काळ न लोटलेले गांधीही उपस्थित होते. या सर्वांमागे उभा असलेला कर्ता पुरुष म्हणजे हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी आणि पुढे तितक्याच निष्ठेने गांधींच्या मार्गाने गेलेले. टिळकपंथातील अनेक मोठ्या माणसांना हे स्थित्यंतर जमले नाही. गंगाधररावांना ते जमले, आणि म्हणूनच १९२४ साली स्वागताध्यक्षपद त्यांच्याकडे येणे क्रमप्राप्त होते. त्यांच्या हाताशी डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांच्या हिंदुस्तानी सेवादलाचे शिस्तबद्ध स्वयंसेवक होते.

माळावर जे तात्पुरते नगर वसले, त्याला ‘विजयनगर’ असे नाव देण्यात आले. पाण्यासाठी जी विहीर खोदली, तिचे नाव ‘पंपा सरोवर’. तिच्यावर ४,३७० रुपये आणि काही आणे खर्च झाल्याची नोंद आहे. आजही ती ‘काँग्रेस विहीर’ म्हणून सर्वांना ठाऊक आहे आणि तिच्या बाजूचा रस्ता ‘काँग्रेस रोड’ म्हणून. नगरातील कित्येक रहिवासी रोज त्या रस्त्याने जातात-येतात. नावामागचे कारण त्यांच्यापैकी निम्म्यांनाही सांगता येईल की नाही, शंका आहे. विशेष म्हणजे उभारलेल्या साऱ्या नगरातून टिकून राहिली ती विहीरच. बांबू, तट्ट्या, कापड ही सगळी उतरविली गेली, पण जमिनीत खोदलेले पाणी राहिले.

मांडवातील माणसे तर पहिल्या प्रतीची होती. मावळते अध्यक्ष मौलाना महंमद अली, देशबंधू दास, पंडित मोतीलाल, तरुण जवाहरलाल, लाला लजपतराय, सरोजिनी नायडू असे सारेच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले. कर्नाटकातील गायकांच्या पुढल्या पिढीतील एक थोर नाव, गंगूबाई हनगल, तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्याही होत्या. साफसफाईचे काम काकासाहेब कालेलकरांनी अंगावर घेतले होते. मैला उचलणाऱ्या स्वयंसेवकांत ब्राह्मण तरुणही होते, आणि या एका गोष्टीचे गांधींना फार अप्रूप वाटले. अधिवेशनातील ठरावांपेक्षा ही गोष्ट अधिक दूरगामी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

गांधींसाठी बांबूची जी झोपडी बांधली होती, ती पाहून ते खूश झाले नाहीत. झोपडी असली तरी तिच्यावर पैसा खर्च झालेला होता, आणि त्यांनी तिला ‘खादीचा महाल’ म्हणून चिमटा काढला. प्रतिनिधींची दहा रुपयांची वर्गणी एक रुपयावर आणावी, असेही त्यांनी सुचविले. थाटमाट नको, एवढेच सांगणाऱ्या अध्यक्षाच्या स्मरणार्थ शंभर वर्षांनी विजेच्या रोषणाईवर जो खर्च झाला, त्याकडे पाहून हा चिमटा आठवल्याखेरीज राहत नाही. तरी त्यात कोणाचा फारसा दोष नाही. स्मारकांची रीतच अशी आहे.

राजकीय दृष्टीने या अधिवेशनाचे महत्त्व तडजोडीचे होते. असहकारिता थांबलेली, स्वराज्य पक्षाचे लोक विधिमंडळात शिरलेले, सभेचे दोन तट पडलेले. कलकत्त्यास गांधी, दास आणि मोतीलाल यांच्यात जो करार झाला होता, त्यावर बेळगावने शिक्कामोर्तब केले. त्यातील एक कलम आज वाचताना विलक्षण वाटते. सभेचा सभासद व्हावयाचे असेल, तर चार आण्यांची वर्गणी पुरेशी नाही. दरमहा दोन हजार वार सूत द्यावयाचे. स्वतः काततील त्यांनी स्वतः कातलेले, ज्यांना शक्य वा इच्छा नसेल त्यांनी दुसऱ्याकडून कातून घेतलेले. मत देण्याचा अधिकार आणि चरखा यांची अशी गाठ देशाच्या इतिहासात पहिल्यांदाच बांधली गेली. ती फार दिवस टिकली नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्यास, ती सैल करण्यात आली. तथापि ज्या काळी ती घट्ट होती, त्याच काळात निपाणीचा मांडव उभा राहिला. श्रोत्यांनी हे सूत लक्षात ठेवावे. थोड्या वेळाने ते पुन्हा लागणार आहे.

बेळगावच्या मराठी वाचकाला या अधिवेशनाच्या स्मरणात एक अवघडलेपणा जाणवतो, आणि तो झाकून ठेवण्यात शहाणपण नाही. १९२० साली नागपूरला राष्ट्रीय सभेने आपले प्रांत भाषेनुसार पाडले, तेव्हा बेळगाव कर्नाटक प्रांतिक समितीकडे गेले. ‘विजयनगर’ आणि ‘पंपा’ ही नावे निष्कारण ठेवलेली नव्हती. त्याच मांडवात सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली, आणि हुइलगोळ नारायणराव यांचे कन्नड नाडूच्या उदयाचे गीत तिथे म्हटले गेले. म्हणजे जे अधिवेशन कन्नड बांधवांच्या दृष्टीने एकीकरणाची पहाट होय, तेच येथील मराठी माणसाच्या दृष्टीने पुढच्या एका दीर्घ दुःखाची पूर्वखूण ठरते. आणि त्या अधिवेशनाचा यजमान, ज्याला कन्नड जनतेने ‘कर्नाटकसिंह’ म्हणून गौरविले, तो टिळकांच्या मुशीतून घडलेला, ‘केसरी’च्या परंपरेत वाढलेला माणूस होता, त्यांचे आत्मचरित्र मराठीतही प्रसिद्ध आहे. गंगाधरराव आमचे की तुमचे, हा वाद दोन्ही बाजूंनी अधूनमधून निघतो. तो वाद त्यांच्या हयातीत त्यांच्यासमोर कोणी काढला असता, तर या करारी माणसाने वाद घालणाऱ्यालाच चरख्यावर बसविले असते. हुदलीला खादीचे काम उभे करणाऱ्या माणसाला दोन्ही भाषांतून सूत कातता येत होते.

डिसेंबर २०२४ मधील शताब्दी सोहळ्याची हकिगत ताजी आहे. २६ डिसेंबरला पक्षाच्या कार्यकारिणीची विस्तारित बैठक बेळगावी झाली. त्याच रात्री दिल्लीत माजी पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशीची जाहीर सभा रद्द करावी लागली. कमानी उभ्या, दिवे लागलेले आणि सभा नाही, असे नगराला दोन दिवस पाहावे लागले. पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी तो कार्यक्रम झाला; सुवर्ण विधानसौधाच्या आवारात गांधींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्या दिवसाचे घोषवाक्य होते ‘जय बापू, जय भीम, जय संविधान’. दोन नावे एका फलकावर आली, हे चांगलेच झाले. पण त्या दोन नावांमध्ये याच जिल्ह्याच्या मातीवर शंभर वर्षांपूर्वी एक सवाल-जबाब झाला होता, तो त्या फलकावर मावणारा नव्हता.

तो सवाल निपाणीचा.

निपाणी म्हणजे तेव्हाही तंबाखूची पेठ. वखारी, जरदा, बाजार, घाट उतरून येणाऱ्या गाड्या. निपाणकर देसायांचे हे संस्थानी वळणाचे गाव पुणे-बेंगळूरच्या वाटेवर असल्यामुळे माल आणि माणूस दोहोंची ये-जा येथे सदैव राहिली. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा, १९२० मधील माणगाव परिषदेचा परिणाम या टापूवर होणे अगदी स्वाभाविक होते. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईस बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि अवघ्या नऊ महिन्यांत ते मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून निपाणीला आले. महाडचे चवदार तळे अजून दोन वर्षे पुढे होते. ज्यांना महाड हाच प्रारंभ वाटतो, त्यांनी निपाणीकडे एकवार पाहणे अगत्याचे आहे.

कायद्याच्या कागदावर त्या वेळी काय होते, तेही नोंदविले पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला होता. सरकारी खर्चाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही अस्पृश्यांना मोकळी असावीत, असा तो ठराव. ठराव झाला, विहिरी मात्र जिथे होत्या तिथेच आणि जशा होत्या तशाच राहिल्या. तिकडे त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह मार्च १९२४ पासून चालू होता. तिथली मागणी देवळात शिरण्याचीही नव्हती. देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालू द्या, इतकीच होती. गांधी स्वतः मार्च १९२५ मध्ये वायकोमला जाऊन आले. म्हणजे निपाणीची परिषद भरली, तेव्हा वायकोमची बातमी ताजी होती आणि बेळगावच्या ठरावाची शाईही पुरती वाळलेली नव्हती.

त्या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांनी गांधींविषयी जे म्हटले, ते अत्यंत तोलून मापून म्हटलेले होते. पुढील काळातील कडवटपणाचा त्यात मागमूस नाही. सामाजिक अन्याय दूर केल्याखेरीज या देशातील तेढ मिटणार नाही, हे सांगणारा गांधींपूर्वी दुसरा राजकारणी झाला नाही, असे श्रेय त्यांनी आधी मोकळ्या मनाने दिले. मग त्यांनी एक उणीव दाखविली. खादीप्रचारावर आणि हिंदु-मुसलमान ऐक्यावर गांधींचा जेवढा भर आहे, तेवढा अस्पृश्यतानिवारणावर नाही. असता, तर सभेत मत देण्याचा अधिकार मिळण्यासाठी अस्पृश्यता टाकून देणे हीच अट त्यांनी घातली असती. तरीही, ज्यांना सर्वांनीच दूर लोटले, त्यांच्या दृष्टीने गांधींसारख्याने दाखविलेली सहानुभूतीही कमी मोलाची नाही, असे सांगून त्यांनी तो विषय आवरता घेतला.

आता ते दोन हजार वार सूत आठवावे. बेळगावच्या मांडवात मताधिकाराला सुताची अट जोडली गेली आणि निपाणीच्या मांडवातून विचारले गेले की, अट घालावयाचीच होती, तर ही का घातली आणि ती का नाही? सूत मोजता येते, वार काढता येतात, वजन करता येते. शेजारच्या माणसाला आपल्या आडावर पाणी भरू देणे, हे कोणत्या गजाने मोजावयाचे? व्यवहारी माणूस म्हणेल की म्हणूनच ती अट घातली गेली नाही. गांधींची बाजू मांडावयाची, तर हेही सांगितले पाहिजे की बेळगावच्याच मुक्कामात, २७ डिसेंबरला, त्यांनी अस्पृश्यता परिषदेत भाषण केले; मैला उचलणाऱ्या तरुणांची त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली; आणि अस्पृश्यतेला हिंदुधर्मावरील कलंक म्हणताना त्यांनी कधी कोणाची भीड धरली नाही. पण कलंक म्हणणे वेगळे आणि सभासदत्वाची अट करणे वेगळे. बाबासाहेबांचे बोट नेमके त्या फटीवर होते. या एका प्रश्नात पुढल्या कित्येक वर्षांच्या वादाचे बीज आहे. गोलमेज परिषद, पुणे करार, सारे पुढे आले. पण त्याचा पहिला सौम्य उच्चार बेळगाव जिल्ह्यातच झाला, याचा येथील रहिवाशांना अभिमान वाटावयास हवा होता. तसे झाले नाही.

का झाले नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे. बेळगावच्या अधिवेशनाचे छापील वृत्तांत, छायाचित्रे, हिशेब मिळतात. त्या विहिरीच्या खर्चाचे आणेदेखील सांगता येतात. निपाणीच्या परिषदेचा मांडव कोणी घातला, जेवणाचा शिधा कोणाच्या घरून आला, त्या रात्री पाहुणे कोठे उतरले, हे ज्यांना ठाऊक होते, ती माणसे कागदावर फारशी उमटली नाहीत. इतिहास हा श्रीमंतांचाच असतो, असे नाही. पण तो ज्यांच्याकडे पावतीपुस्तक होते त्यांच्याकडे अधिक झुकतो. एप्रिल २०२५ मध्ये या भेटीची शताब्दी आली, तेव्हा राजकीय पक्षांनी मात्र तिची दखल घेतली. भारतीय जनता पक्षाने ‘भीम हेज्जे’, म्हणजे भीमाचे पाऊल, या नावाने बेंगळूरहून निपाणीपर्यंत यात्रा आणली. जानेवारीत एका पक्षाने बेळगावी बापूंच्या जोडीने भीमाचे नाव घेतले, एप्रिलमध्ये दुसऱ्या पक्षाने निपाणीला भीमाचे पाऊल शोधले. दोन्ही वेळी ध्वनिक्षेपक मोठे होते. दोन्ही वेळी नगरवासी श्रोते होते, यजमान नव्हते.

नगराचा उत्सव आणि नगरात होणारा उत्सव यांतील फरक तो हाच. पहिल्यात रहिवासी वर्गणी देतो, सतरंज्या घालतो, भांडतो, रात्री उशिरा घरी जातो. दुसऱ्यात तो रस्त्याच्या कडेला उभा राहून दिवे पाहतो. या सीमाभागात पहिल्या प्रकारच्या उत्सवांची उणीव कधीच नव्हती. वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि त्यानंतरची रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक ही बेळगावची खास चीज. महाराष्ट्रात फेब्रुवारीची तारीख रूढ झाली, तरी बेळगावकरांनी परंपरेची तिथी सोडली नाही. चित्ररथावर कोणता प्रसंग उभा करावयाचा, यावर गल्लीगल्लीत महिनाभर जो खल चालतो, तेवढा खल एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागातही होत नसेल. गणेशोत्सवाचीही तीच कथा.

पण वाचनालयाच्या सभासदांच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा विषय म्हणजे खेड्यांतील साहित्य संमेलने. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमनी ही नावे पुण्या-मुंबईच्या समीक्षेत सहसा येत नाहीत. ही शेतकऱ्यांची गावे. सुगी आटोपत आली, थंडी पडली की येथे रविवार धरून मराठी साहित्य संमेलन भरते. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढे लेझीम, टाळ-मृदंग, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. नंतर उद्‌घाटन, परिसंवाद, कथाकथन, दुपारी गावजेवण आणि सर्वांत शेवटी कविसंमेलन, जे ठरल्या वेळी कधीच सुरू होत नाही. शाळांतून मराठीची जागा आक्रसत गेली, कार्यालयातील फलक बदलले, १ नोव्हेंबर २०१४ रोजी नगराचे अधिकृत नावही ‘बेळगावी’ झाले; या सर्व काळात या गावांनी कोणाच्या अनुदानाची वाट न पाहता आपल्या भाषेसाठी एक दिवस राखून ठेवला. बाहेरून आलेला पाहुणा लेखक समोर बसलेल्या मंडळींत हातावर माती वाळलेली माणसे पाहून आधी गोंधळतो आणि मग बरा बोलतो. निपाणीच्या अंगाने पाहिले, तर याच मातीतून महादेव मोरे यांच्यासारखा लेखक निघाला, ज्यांनी पिठाची गिरणी चालवीत चालवीत ट्रकवाले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, गॅरेजमधील पोरे यांना मराठी कथेत आणले. इंदिरा संतांचे तवंदीशी असलेले नाते तर सर्वश्रुत आहे. त्यांची बहुतेक कविता बेळगावात राहूनच लिहिली गेली.

यापुढील काही वर्षांत या भागात अनेक स्मरणदिन रांगेने येत आहेत आणि त्यांची नोंद या स्मरणिकेत राहावी. दरवर्षी १७ जानेवारीस १९५६ मधील हुतात्म्यांना बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे अभिवादन होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात घातला गेला, त्याला २०२६ मध्ये सत्तर वर्षे होतात. तो दिवस नगराच्या एका भागात राज्योत्सव आणि दुसऱ्या भागात काळा दिन म्हणून पाळला जातो. एका नगराची दोन पंचांगे असावीत, तसा तो प्रकार आहे. महाराष्ट्र शासनाने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा ज्यांचे केस काळे होते, ते आज पांढरे झाले.

२०२९ साली बेळगावच्या पहिल्या मराठी साहित्य संमेलनाला शंभर वर्षे होतील. १९२९ च्या त्या संमेलनाचे अध्यक्ष ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे होते, आणि त्याच वर्षी ते निवर्तले. १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली याच गावी भरलेल्या संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने संघटित रूप घेतले. ती शताब्दी पुढल्या पिढीच्या वाट्याची. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष असलेले संमेलन मात्र अनेकांनी पाहिलेले आहे. २०३१ मध्ये निपाणीच्या तंबाखू आंदोलनाला पन्नास वर्षे होतील. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी किती आणि कन्नड किती, हे कोणी मोजले नव्हते. बोरगाव-निपाणीच्या बाजूचा शेतकरी दोन्ही भाषांत भाव विचारतो आणि दोन्ही भाषांत फसविला जातो.

यांपैकी कोणता दिवस कोण साजरा करील, हे आज सांगता येणार नाही. पण वाचनालयाला त्यासाठी काय करता येईल, हे सांगता येते आणि ते फारसे खर्चाचेही नाही. गेल्या शंभर वर्षांत पुस्तके जमविणे हे मुख्य काम होते. यापुढे कागद जमविणे तेवढेच निकडीचे झाले आहे. कडोलीच्या संमेलनाची निमंत्रणपत्रिका, येळ्ळूरच्या ग्रंथदिंडीचे छायाचित्र, शिवजयंती मंडळाचे वर्गणीचे पावतीपुस्तक, १९८१ च्या आंदोलनातील हस्तपत्रक, तंबाखूच्या वखारीतील हजेरीचा कागद, निपाणीच्या एखाद्या घरात जुन्या ट्रंकेच्या तळाशी पडलेले बहिष्कृत परिषदेचे पत्रक, असे जे मिळेल ते. संमेलन संपले की दुसऱ्या दिवशी हे कागद शेव-चिवड्याच्या पुड्याला जातात. ज्या विहिरीच्या खर्चाचे आणेही टिकले, तिच्या शेजारी निपाणीच्या मांडवाचा एकही हिशेब ठेवता आला नाही, याचे कारण कोणाचे वैर नव्हे. कागद मागावयास कोणी त्या वस्तीत गेले नाही, एवढेच ते कारण. दोन्ही भाषांतील कागद घ्यावेत. कन्नड कागद वाचणारे सभासद या वाचनालयात पुष्कळ आहेत, आणि कर्नाटक एकीकरण परिषदेचा वृत्तांत मराठी वाचनालयाच्या कपाटात मिळाला, तर त्यात कोणाचेही उणे होणार नाही.

कामाचा प्रारंभ निपाणीपासून करणे इष्ट. बाबासाहेबांचे ते भाषण ज्या वस्त्यांतील लोकांनी ऐकले, त्यांची नातवंडे-पतवंडे निपाणी, चिकोडी, कागल, संकेश्वर या टापूत आहेत. त्यांच्या घरी आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. कोणाकडे एखादा फोटो असेल, कोणाकडे नुसतीच आठवण. दोन सभासद, एक वही आणि आठवड्यातील एक दुपार, एवढ्यावर हे होण्यासारखे आहे. निपाणीपर्यंतची एस. टी. दर अर्ध्या तासाला मिळते.